लग्नघरातली केसांची इस्त्री

सेलू येथील एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे मजकूर तेवढा थोडक्यात देत आहे.

"ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ३१ असून मी येथील एका पतसंस्थेत नोकरी करते. माझे केस कमरेपर्यंत लांब, दाट आणि वळणदार आहेत. आमच्याकडे बोअरचे पाणी असल्यामुळे ते फार राठ झाले आहेत. पांढरे केस दिसू लागल्यापासून दर महिन्याला मेंदी लावते. दोन महिन्यांनी धाकट्या दिरांचे लग्न आहे आणि त्या निमित्ताने केस सरळ करण्याची इस्त्री घ्यावी असे मनात आहे. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, येथल्याच दुकानातला ६५० रुपयांचा स्ट्रेटनर. त्याला फक्त चालू-बंदचे बटण आहे, पण तो २३० अंशांपर्यंत तापतो असे दुकानदार अभिमानाने सांगतात. दुसरा १,८५० रुपयांचा; त्याचे तापमान कमी-जास्त करता येते. तिसरा नणंदबाईंनी अमेरिकेहून आणलेला, भारी किमतीचा. तो त्या मला देऊन टाकायला तयार आहेत. आमच्याकडे वीज वरचेवर जाते, घरात इन्व्हर्टर आहे. सासूबाई म्हणतात की केसांना इस्त्री केली की केस जळतात. मी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. तीनपैकी दुसरा, म्हणजे तापमान कमी-जास्त करता येणारा स्ट्रेटनर घ्या. मात्र दुकानात उभ्या उभ्या काही गोष्टी तपासून मगच पैसे मोजा. पहिला घेऊ नका. तिसरा, नणंदबाईंचा, त्याच्या अंगावर छापलेला एक आकडा वाचल्याशिवाय घरातल्या बोर्डाला लावू नका. तो आकडा कोणता, ते पुढे येईलच. आणि सासूबाईंचे म्हणणे उडवून लावू नका, कारण त्या अर्ध्याहून अधिक बरोबर आहेत.

केस सरळ होतो म्हणजे नेमके काय होते, हे एकदा समजले की दुकानातली निम्मी जाहिरात आपोआप गळून पडते. केस केराटीन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना निरनिराळ्या बंधांनी धरून असतात. त्यांतले गंधकाचे बंध चिवट असतात. पार्लरमध्ये कायमचे केस सरळ करताना जी रसायने वापरतात ती याच बंधांवर काम करतात, आणि घरातल्या इस्त्रीचा तो विषय नव्हे. हायड्रोजनचे बंध मात्र नाजूक असतात. ते पाण्याने सुटतात, उष्णतेनेही सुटतात, आणि केस वाळताना किंवा थंड होताना ज्या आकारात धरलेला असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलेल्या मुलीचे केस सकाळी नागमोडी होतात, ते याच कारणाने. इस्त्री हेच काम उलट दिशेने आणि काही क्षणांत करते. म्हणूनच इस्त्रीचा सरळपणा पुढच्या न्हाण्यापर्यंतच टिकतो आणि दमट हवेत तेवढाही टिकत नाही. आपल्या मराठवाड्यात पावसाळा सोडला तर बहुतेक महिने हवा कोरडी असते, त्यामुळे मुंबईत दुपारपर्यंत फुगणारे केस आपल्याकडे दुसऱ्या दिवशीही बऱ्यापैकी सरळ दिसतात. हा एक फायदा आपल्याला हवामानाने फुकट दिला आहे, आणि त्यामुळे रोज इस्त्री करण्याची गरज उरत नाही.

आता सासूबाईंचा मुद्दा. खरे रेशीम ओळखायचे असले की आपल्याकडच्या जुन्या बायका पदराच्या टोकाचा एक धागा काढून काडीवर जाळून पाहत, आणि पीस जळाल्यासारखा वास आला की समाधानाने मान हलवत. गळलेला केस जाळून पाहा, तोच वास येईल, कारण रेशीम आणि केस दोन्ही प्रथिनेच आहेत. सासूबाईंनी आपल्या पैठणीवर कडक तापलेली इस्त्री कधी थेट फिरवली नसेल. बटण रेशमाच्या खुणेवर आणून, वर सुती कापड पसरून, हात न थांबवता फिरवली असेल. केसांच्या बाबतीत याहून वेगळे काही करायचे नसते. कोरड्या केसातील केराटीनची रचना साधारण २०० अंशांच्या पुढे झपाट्याने बिघडू लागते आणि केस ओला असेल तर ती मर्यादा बरीच खाली येते. शिवाय ओल्या केसावर तापलेली पट्टी फिरली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या दांड्यात बुडबुडे पडतात आणि केस त्या जागी मोडतो. एकदा असा बिघडलेला केस कोणत्याही तेलाने किंवा सिरमने पूर्ववत होत नाही. तो कापूनच टाकावा लागतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. लातूरला पार्लर सुरू केले त्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एकाच बटणाची इस्त्री होती, तुम्हाला ६५० रुपयांत मिळते आहे तशीच. एका लग्नघरातली बाई, नवरीची मावशी, समोर बसली होती. कानामागची बट मी चिमट्यात धरली आणि नेमका फोन वाजला. हात थांबला तो दोन-तीन सेकंदच असेल. एक पातळ, पांढरट धूर वर आला, आणि चिमटा उघडला तेव्हा वीतभर केस माझ्या बोटांत राहिले होते. त्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त पदर डोक्यावरून घेतला. मी पैसे परत केले. त्यांनी ते घेतले, हेही सांगायला हवे.

त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे की स्ट्रेटनर किती तापतो हा प्रश्नच चुकीचा आहे. तो किती कमी तापमानावर ठेवता येतो आणि ठेवलेल्या तापमानावर किती स्थिर राहतो, हे विचारले पाहिजे. तुमच्या दुकानदारांनी २३० अंशांचे कौतुक केले, पण तुमच्या केसांना त्या आकड्याची गरज कधीच पडणार नाही, आणि ज्या यंत्राला खाली आणण्याची सोय नाही ते वापरणे म्हणजे ज्या शेगडीची आच कमी करता येत नाही तिच्यावर दूध तापत ठेवण्यासारखे आहे. बारीक, विरळ किंवा रंग लावलेल्या केसांना १५० अंशांच्या आसपास पुरते, मध्यम केसांना १७० ते १८०, आणि अगदी दाट, कडक कुरळ्या केसांनाही १९० च्या पुढे जाण्याचे कारण मला आजवर क्वचितच दिसले आहे. तुमचे केस दाट असले तरी राठ आणि मेंदी लावलेले आहेत, म्हणून १६० पासून सुरुवात करा. एका फेरीत बट सरळ झाली नाही तर दहा अंश वाढवा, आणि १८० ला थांबा. कमी तापमानावर त्याच बटेवरून पाच वेळा इस्त्री फिरवणे हेही शहाणपणाचे नाही. योग्य तापमानावरची एक सावकाश फेरी त्याहून बरी.

१,८५० रुपयांचा स्ट्रेटनर हातात आला की पहिल्यांदा त्याचे तापमान कसे दाखवले आहे ते पाहा. अंशांचे आकडे असावेत आणि सर्वांत खालचा आकडा १५० किंवा त्याहून कमी असावा. नुसते "कमी, मध्यम, जास्त" असे तीन ठिपके असतील तर मध्यम म्हणजे किती, हे विचारा, आणि खोक्यावर किंवा माहितीपत्रकात त्याचे उत्तर नसेल तर ते यंत्र परत ठेवा. त्यानंतर, यंत्र थंड असतानाच, चिमटा मिटून उजेडासमोर धरा. दोन्ही पट्ट्या, ज्यांना दुकानदार प्लेट म्हणतात, मुळापासून टोकापर्यंत एकमेकींना टेकल्या पाहिजेत. मधून उजेडाची रेघ दिसली तर त्या जागेतून जाणारे केस तापणार नाहीत, आणि ते सरळ करण्यासाठी तुम्ही उरलेल्या केसांना पुन्हा पुन्हा भाजाल. अंगठ्याने पट्टी दाबून पाहा. चांगल्या यंत्रात ती किंचित आत जाते आणि सोडल्यावर वर येते, म्हणजे ती स्प्रिंगवर बसवलेली असते आणि बटेच्या जाडीप्रमाणे स्वतःला जुळवून घेते. मग तुमच्या ओढणीचे किंवा पदराचे टोक मिटलेल्या चिमट्यातून ओढा. जॉर्जेटचा किंवा शिफॉनचा धागा जिथे अडकेल तिथे केसही अडकेल आणि तुटेल. दुकानातला मुलगा जरा विचित्र नजरेने पाहील, पाहू द्या.

पट्टीची रुंदी हा तुमच्या बाबतीत महत्त्वाचा मुद्दा आहे. बाजारात बहुतेक स्ट्रेटनर इंचभर, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर रुंदीचे असतात. खांद्यापर्यंतच्या केसांना ते पुरेसे आहेत आणि त्यांची कड गोलाकार असेल तर त्यांनीच टोकांना वळणही देता येते. कमरेपर्यंतच्या दाट केसांना मात्र ३५ मिलिमीटरच्या आसपासची पट्टी सोयीची, नाही तर तासभर हात वर धरून बसावे लागेल. याहून रुंद, पन्नास मिलिमीटरपर्यंतच्याही पट्ट्या मिळतात, परंतु त्या कपाळाच्या आणि कानाच्या जवळ नीट पोहोचत नाहीत आणि कानाची पाळी भाजण्याचा धोका वाढतो. वजनही पाहावे: यंत्र उचलून डोक्याच्या मागे नेऊन दोन मिनिटे धरून पाहा, कारण दुकानात हलके वाटणारे यंत्र घरी विसाव्या बटेपर्यंत जड होते. वायर निदान पावणेदोन मीटर लांब आणि मुठीपाशी गोल फिरणारी असावी. वायर तुटते ती नेहमी मुठीच्या त्या मानेपाशीच, आणि तापलेल्या यंत्राभोवती तीच वायर गुंडाळून ठेवणाऱ्यांच्या घरी तर वर्षाच्या आत. काही काळ हात लागला नाही तर आपोआप बंद होण्याची सोय असेल तर लग्नघरात ती फार उपयोगाची आहे, कारण त्या धांदलीत "बटण बंद केले का" हा प्रश्न मंगल कार्यालयात पोहोचल्यावरच आठवतो.

पट्टी कशाची आहे, याविषयी दुकानात जितके बोलले जाते तितके महत्त्व त्याला नाही. सिरॅमिकची पट्टी सर्वत्र सारखी तापते आणि केसांवरून सहज घसरते, म्हणून घरच्या वापराला ती उत्तम. टायटॅनियम लवकर तापते, हलके असते आणि उष्णता पटकन केसाला देते. पार्लरमध्ये दिवसभर काम करणाऱ्या सरावलेल्या हाताला ते चांगले, पण नवख्या हाताची चूक ते माफ करत नाही. टूर्मलीन हे एक खनिज आहे आणि त्याचा मुलामा सिरॅमिकवर देतात. त्याने आयन निघतात आणि केस भुरभुरत नाहीत असा दावा असतो. डिसेंबर-जानेवारीच्या आपल्या कोरड्या थंडीत कंगव्याला चिकटून उभे राहणारे केस त्याने थोडे बसतातही, परंतु केवळ त्यासाठी जास्तीचे पाचशे रुपये मी देणार नाही. पट्टीतच केराटीन किंवा आर्गन तेल भरलेले असते, हे ऐकल्यावर तर शांतपणे पुढचे खोके पाहावे. कोणताही मुलामा असला तरी तो झिजतो. खरवडलेली, पोपडे निघालेली पट्टी केसांच्या बाहेरच्या खवल्यांना किसणीसारखी घासते आणि मग ते यंत्र कितीही महागाचे असले तरी टाकून द्यावे लागते. एकात चार, म्हणजे सरळ करणारे, कुरळे करणारे, नागमोडी करणारे असे जोडयंत्र घेऊ नका. त्यातले एकही काम धड होत नाही. केस सरळ करणारा ब्रश मात्र वाईट नाही. तो केसाला पट्टीसारखा दाबत नाही, त्यामुळे सरळपणा कमी येतो, पण रोज ऑफिसला जाताना फुगलेले केस नुसते बसवायचे असतील तर तो पुरतो.

नणंदबाईंच्या स्ट्रेटनरकडे वळू. त्याच्या मुठीवर किंवा प्लगवर बारीक अक्षरांत किती व्होल्टवर चालतो ते छापलेले असेल. तिथे १०० ते २४० व्होल्ट असे असेल तर तो दोन्ही देशांत चालतो. फक्त चपट्या पिनांसाठी चांगल्या प्रतीचा जोडप्लग लागेल, आणि मग तो कदाचित तिघांत उजवा ठरेल. परंतु तिथे फक्त ११० किंवा १२० व्होल्ट असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर लावू नका. जोडप्लग पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. साध्या तापतारेचा हिशेब केला तर जवळजवळ दुप्पट दाबावर ती सुमारे पावणेचार पट शक्ती ओढते, आणि मग यंत्र जळणे ही त्यातल्या त्यात स्वस्तातली गोष्ट. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो वजनदार असतो आणि त्याच्या पैशांत दुसऱ्या स्ट्रेटनरचा बराचसा खर्च निघेल. नणंदबाईंना वाईट वाटू नये म्हणून लावून पाहण्याच्या भानगडीत पडू नका; छापलेला आकडा त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.

विजेबाबत फार काळजीचे कारण नाही. घरगुती स्ट्रेटनर साधारण ३० ते ५० वॉटचा असतो, म्हणजे छताच्या जुन्या पंख्यापेक्षाही कमी, त्यामुळे इन्व्हर्टरवर त्याचा भार पडत नाही. केस वाळवण्याचा ड्रायर मात्र हजार वॉटच्या पुढचा असतो, तो इन्व्हर्टरवर लावू नका. तुमचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, असेल तर प्रश्नच नाही. जुना स्क्वेअर वेव्हचा असेल आणि स्ट्रेटनरवर आकडे दाखवणारा पडदा असेल, तर वीज आल्यावरच वापरणे बरे. संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की गावाकडे दाब उतरतो, दिवे मंद होतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अशा वेळी तापमान स्थिर ठेवणारी सोय असलेले यंत्र हळू तापते, पण ठरलेल्या अंशांवर जाऊन थांबते. एका बटणाचे स्वस्त यंत्र कधी कोमट राहते आणि दाब पूर्ववत झाला की एकदम कडक होते. पहिला पर्याय नाकारण्याचे हे आणखी एक कारण. बिलाचे म्हणाल तर ४० वॉटचा स्ट्रेटनर अर्धा तास वापरला तर एक युनिट जळायला पन्नास वेळा केस सरळ करावे लागतील.

खरी अडचण मला तुमच्या पाण्यात दिसते. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला मागत नाही, त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी मिळून फेसाऐवजी साका तयार करतो आणि तो साका केसांवर बसतो. अशा केसांवर इस्त्री फिरवली तर ती घसरत नाही, खरखरत जाते, आणि आपल्याला वाटते की तापमान कमी पडले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, त्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणी आठ-दहा दिवसांतून एकदा, तेही टँकरच्या पाण्याने न्हात असत, आणि त्या काळात मी इस्त्रीचे काम जवळजवळ बंदच ठेवले होते. क्षार, धूळ आणि जुने तेल यांच्या थरावर तापलेली पट्टी फिरवणे म्हणजे तो थर केसावर भाजून पक्का करणे होय. तुमच्यासाठी उपाय असा: साबण सोडून शॅम्पू वापरा, आणि शेवटचा तांब्या क्षार काढणाऱ्या गाळणयंत्राच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा घ्या. लिटरभर पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून त्या पाण्याने शेवटी केस खळाळले तरी राठपणा बराच उतरतो. हे आतापासूनच सुरू करा. दोन महिन्यांत केसांत पडणारा फरक कोणत्याही स्ट्रेटनरपेक्षा जास्त दिसेल.

मेंदी आणि इस्त्री यांच्यात निदान आठवडाभराचे अंतर ठेवा. मेंदीचा रंग केराटीनला चिकटून बसतो आणि केस थोडा ताठ करतो. शिवाय नीट न धुतलेले कण बटेत राहिले तर ते पट्टीवर घासून तिला ओरखडे पाडतात. काळी मेंदी म्हणून जी मिळते तिच्यात बहुधा रासायनिक रंग मिसळलेला असतो आणि उष्णतेने तो लवकर उतरतो, तेव्हा लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री असा बेत आखू नका.

खोबरेल तेलाविषयी तुम्ही विचारले नाही, पण आपल्याकडे ही चूक हमखास होते. तेल हे इस्त्रीपूर्वीचे संरक्षण नव्हे. तेल लावलेल्या केसावर पट्टी ठेवली की तेलच तापते, धुरकटते, आणि मुळाशी ओघळले तर कातडी भाजते. त्याची खरी जागा न्हाण्याच्या आदल्या रात्री. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे अभ्यासांत दिसले आहे. इस्त्रीपूर्वी मात्र उष्णतेपासून बचावासाठी म्हणून मिळणारे सिरम किंवा फवारा वापरा. त्याच्या बाटलीवरच्या घटकांत डायमेथिकोनसारखे सिलिकोन असते. पैठणीवर पसरलेल्या सुती कापडाचे काम ते करते. तळहातावर चार थेंब, मध्यापासून टोकांपर्यंत, मुळांना नाही. आणि ते पूर्ण सुकल्यावरच पट्टी.

आता प्रत्यक्ष कृती. केस धुऊन पूर्ण वाळू द्या. वरून कोरडे वाटतात तेव्हा मानेजवळ हात घालून पाहा, दाट केसांत तिथे ओल बराच वेळ राहते. गुंता सोडवा. वरचे केस क्लचरने बांधून मानेजवळचे खालचे थर आधी घ्या. बट दोन बोटे रुंद आणि इतकी पातळ असावी की उजेडाकडे धरली तर पलीकडचे अंधूक दिसावे. एका हातात कंगवा, दुसऱ्यात स्ट्रेटनर. कंगवा पुढे आणि इस्त्री त्याच्या मागोमाग, मुळापासून दोन बोटे सोडून टोकापर्यंत, न थांबता, एकाच गतीने. बट ताणू नका, फक्त सैल पडू देऊ नका. "चर्र" आवाज आला किंवा वाफ दिसली तर केस ओला आहे, तिथेच थांबा. पीस जळाल्याचा वास आला तर तापमान जास्त आहे. फेरी झाल्यावर ती बट लगेच पिळू किंवा बांधू नका. ती थंड होईपर्यंत तशीच मोकळी राहू द्या, कारण आकार पक्का होतो तो थंड होतानाच. यंत्र तापल्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिमट्यात पाच सेकंद धरून पाहण्याची माझी जुनी सवय आहे. कागद पिवळा पडला तर पडद्यावरचा आकडा काहीही म्हणो, ते यंत्र फार तापलेले आहे. तापलेला स्ट्रेटनर गादीवर किंवा साड्यांच्या घडीवर न ठेवता शहाबादी फरशीवर किंवा ओट्यावर, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. भाजलेच तर वीस मिनिटे साधे गार पाणी वाहते सोडा. टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नका.

लग्नातले कोणते दिवस इस्त्रीचे, हेही ठरवून ठेवा. हळदीच्या दिवशी नको. हळद, घाम आणि लगेचचे न्हाणे यांत सगळी मेहनत वाया जाते. लग्नाच्या दिवशी नऊवारीवर किंवा पैठणीवर तुम्ही अंबाडा घालून गजरा माळणार असाल, तर त्या दिवशीही नको. सरळ, गुळगुळीत केसांचा अंबाडा सैल पडतो, काटे घसरतात आणि मंगलाष्टके संपेपर्यंत गजरा मानेवर येतो. तुमच्या केसांचे नैसर्गिक वळणच अंबाड्याला धरून ठेवते. केस मोकळे सोडायचे असतील तो स्वागत समारंभाचा एकच दिवस इस्त्रीला द्या. एरवीही आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, याहून अधिक नको.

लग्न म्हटले की पार्लरमधून "एकदाच केराटीन करून घ्या, सहा महिने बघायला नको" असा आग्रह होईल. केस सरळ करण्याच्या अशा काही रासायनिक उपचारांतून तापवताना फॉर्मल्डिहाइडचा घातक वायू निघतो, आणि त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेली उत्पादने वापरल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहेत. मी स्वतः पार्लर चालवूनही हे काम बंद केले आहे. राठ आणि मेंदीच्या केसांवर तर ते करूच नका.

खरेदी सेलूतच करा किंवा परभणीला जाऊन करा. संभाजीनगरच्या गुलमंडीवर किंवा लातूरच्या गंजगोलाईत जास्त प्रकार पाहायला मिळतील, पण बिघाड झाल्यावर पुन्हा तिथवर जाण्याची तयारी हवी. खोक्यावर कमाल किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोफत अ‍ॅपवर टाकून तो खरा आहे का, ते दुकानातच पाहता येते. दुकानदारांना तिथेच लावून दाखवायला सांगा, आणि वॉरंटी किती वर्षांची आणि यंत्र बदलून कोण देणार, दुकान की कंपनी, हे स्पष्ट विचारून घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. यंत्र लग्नाच्या निदान तीन आठवडे आधी घ्या आणि पहिला प्रयोग मानेजवळच्या आतल्या बटेवर करा. पक्की पावती मागा, आणि ती मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाची असेल तर त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटातल्या कपाटात त्या कागदावरची अक्षरे उडून जातात आणि वॉरंटी मागायला जावे तेव्हा हातात कोरा कागद असतो.